कट्टर

"कट्टर जरा मोठं कर," मागून दुकानाचे मालक बाळासो म्हणाले. "गाडी पळवत जाणाऱ्याला बी दिसलं पाहिजे. बाकीची नावं बारकी ऱ्हाऊ देत."

क्रांतीने शब्द कोपऱ्यात धरून ओढला. तो फुगला, पिवळ्या पट्टीच्या बाहेर गेला, मग तिने पट्टीच मोठी केली. सांगलीतल्या या फ्लेक्सच्या दुकानात बसायला लागल्यापासून हा शब्द तिने इतक्यांदा ओढून मोठा केला होता की आता तो तिला वाचताच येत नसे. नुसता आकार दिसायचा, एकावर एक चढून बसलेले दोन ट. उद्या भैयासाहेबांचा वाढदिवस. कराडजवळच्या मलकापूरहून धनाजीने, म्हणजे भैयासाहेबांच्या फोन सांभाळणाऱ्या माणसाने, सकाळपासून फोटो पाठवायचा धडाका लावला होता. भैयासाहेब हात जोडून, भैयासाहेब हात उंचावून, भैयासाहेब गॉगल लावून लांब कुठेतरी बघताना. ती एकेक उघडत होती आणि सर्वांत शेवटी जो फोटो उघडला त्यात भैयासाहेब गुडघा टेकून बसले होते आणि एका म्हाताऱ्याच्या पायात चप्पल घालत होते. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले होते. खाली धनाजीने लिहिलं होतं, हा कोपऱ्यात टाका, वर लिहा 'भैयासाहेबांचे कट्टर'. तो म्हातारा तिचा बाप होता, हंबीरराव. फोटोत त्याचा उजवा पाय भैयासाहेबांच्या हातात होता, आणि तोच पाय या घडीला मिरजेच्या दवाखान्यात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून उशीवर ठेवलेला होता, घोट्यापर्यंत काळा पडलेला. फोटो काढला तेव्हा ती तिथेच समोर उभी होती, टाळ्या वाजवत होती. तरीही आता तो असा अचानक समोर आल्यावर तिला वाटलं, हा पाय आपण पडद्यावरूनच ओढून घ्यावा, त्या माणसाच्या हातातून काढून घ्यावा, जसाच्या तसा, अजून भेगाळलेला, मळका, पण सगळा.

सकाळी डॉक्टरांनी तिला आणि आईला बाहेर बोलावून सरळ सांगितलं होतं. विष वर चढतंय. आज संध्याकाळच्या आत गुडघ्याखालून पाय काढला तर माणूस वाचेल, उद्यावर गेलं तर मी काही बोलत नाही. पेशंट शुद्धीवर आहे, सही त्यांचीच लागेल. आणि पेशंट म्हणत होता, "भैयासाहेब येतो म्हणाल्यात. त्येस्नी बगू द्या एकदा. त्येनी सांगितलं, कापा, तर कापा. त्येंच्या सांगण्याबगार मी पायाला हात लावू देणार न्हाई." असं म्हणून हंबीररावांनी डोळे मिटून घेतले. तेच मिटलेले डोळे, फोटोतले. आईने, राहीबाईने, पदराने त्यांचं कपाळ पुसलं आणि क्रांतीकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ क्रांतीला कळला, भैयासाहेबांचा शब्द घेऊन ये. म्हणून तर ती बापाला तसा टाकून दुकानात आली होती. बाळासोंना वाटलं पोरगी कामाला पक्की आहे, वाढदिवसाची गर्दी ओळखून आली. खरं म्हणजे तिचा फोन धनाजी चार दिवस उचलत नव्हता, पण फ्लेक्सचं विचारायला तो दुकानात फोन करणार म्हणजे करणारच. त्या एका फोनसाठी ती इथे येऊन बसली होती आणि बापाच्या डोक्यावर कट्टर हा शब्द नीट मध्यभागी बसवत होती.

शाळेत हा शब्द तिला पहिल्यांदा भेटला तेव्हा तो शत्रूच्या अगोदर यायचा. कट्टर शत्रू. कट्टर वैरी. एवढाच त्याचा संसार होता. गुरुजी म्हणायचे, जो ऐकत नाही, वळत नाही, समजून घेत नाही, तो कट्टर. ती शिवी नव्हती, पण शाबासकीही नव्हती. मग कधीतरी तो शब्द त्या बाजूने उठून या बाजूला आला. कट्टर समर्थक, कट्टर कार्यकर्ता, कट्टर मित्र. ऐकत नाही, वळत नाही, समजून घेत नाही, हेच आता छातीवर लावून मिरवायचं झालं. सुरुवातीला ती फ्लेक्सवर 'निष्ठावंत' टाकायची. पोरं परत पाठवायची. निष्ठावंत म्हाताऱ्यांसाठी, ताई, आमाला कट्टर टाका. निष्ठावंत माणूस निदान घरी जाऊन जेवतो, चार गोष्टी बोलतो, कधी नाराजही होतो. कट्टर माणसाला ती सोय नाही. तिला हे असलं सुचायचं आणि ती मनातल्या मनात हसायची, कारण दुकानात हसून दाखवायला कुणी नव्हतं. आता मात्र हसू येत नव्हतं. तिचा बाप या शब्दाच्या खाली किती बारीक दिसत होता.

मतमोजणीच्या दिवशी तो बारीक नव्हता. कराडहून सगळे परत आले तेव्हा ती बारावीत होती. मारुतीच्या देवळापुढे माणसं अशी बसली होती की घरातलं कुणी गेलंय. भैयासाहेब पडले होते, थोडक्यात पडले होते, आणि समोरच्या पार्टीच्या, कारखान्याच्या चेअरमनच्या, गाड्या नदीच्या पलीकडून हॉर्न वाजवत जात होत्या. हंबीरराव उठले. लष्करातून सुभेदार होऊन आलेला माणूस, ताठ, मिशीला पीळ. त्यांनी पायातली चप्पल काढली, देवळाच्या पायरीवर नीट जोडून ठेवली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "भैयासाहेब गुलाल घेतील तवाच पायात चप्पल घालीन. तवर न्हाई." भैयासाहेबांनी त्यांना मिठी मारली, दोघंही रडले, आणि ते बघून सगळं गाव रडलं. क्रांतीसुद्धा रडली होती. तिला आपल्या बापाचा केवढा अभिमान वाटला होता! असलं कुणाच्या बापाने केलं होतं? चप्पल आईने उचलून घरी आणली. पहिल्यांदा ती ओट्यावर होती, मग माळ्यावर गेली, मग उंदरांनी खाल्ली. बापाच्या बोलण्याची लोकं उदाहरणं द्यायची. लग्नाला गेले की मांडवात कुणीतरी म्हणायचं, बघा, अनवाणी सुभेदार आले. त्यांना हार घालायला पुढे बोलवायचे. ऊस तुटून गेलेल्या रानात, जिथे बूट घालून चालायचीही भीती वाटते अशा खुंटांत, ते तसेच जायचे. सतरंजीवर बसले की पाय पुढे काढून बसायचे, लोकांना दिसावेत म्हणून. आणि हा तोच माणूस, जो सुट्टीवर घरी आला की अगोदर बूट काढून ब्रशने घासायचा. इतके, की लहानपणी ती त्यात आपलं तोंड बघून वेण्या घालायची. पॉलिशचा तो वास आत्ता, दुकानातल्या शाईच्या उग्र वासातही, तिच्या नाकात आला. त्या बुटांनी बापाचे पाय केवढे जपले होते. गोरे, मऊ, नखं कापलेले पाय. चिनाबच्या कडेला, बर्फात, सरकारने जपलेले ते पाय.

मग रक्तात साखर आली. लष्कराच्या दवाखान्यात कळलं. डॉक्टरने पाय बघितले आणि विचारलं, हे काय? हंबीरराव अभिमानाने सांगायला लागले तर त्याने मध्येच थांबवलं. म्हणाला, सुभेदारसाहेब, आता तुमच्या तळपायाला काही कळत नाही. काटा कळणार नाही, चटका कळणार नाही. मऊ चप्पल घालायची, घरातसुद्धा. हंबीररावांनी सल्यूट ठोकला आणि अनवाणी बाहेर आले. तेव्हापासून दर रविवारी क्रांती सांगलीहून एसटीने घरी जायची ते पाय बघायला. गरम पाणी, साबण, एक छोटा आरसा. बापाचे तळवे करपलेल्या भाकरीच्या पाठीसारखे झाले होते. त्यांच्यातून ती काचेचे तुकडे काढायची, उसाची कुसं काढायची, आणि ते वर्तमानपत्र वाचत बसायचे. "काय घावलं का?" असं विचारायचे, जणू दुसऱ्याच कुणाच्या पायाबद्दल. तिला भीती वाटायची. ती प्रत्येक वेळी सांगायची, तात्या, पुरे झालं आता. आई सांगायची. लेहला पोस्टिंगवर असलेला भाऊ, अमृत, फोनवरून चिडून सांगायचा. एकदा त्याने बूटच पाठवून दिले. हंबीरराव म्हणायचे, "शब्द दिलाय." तुमच्या कुणाच्या अंगाला हे काही लागतच नाही, असा चेहरा करून म्हणायचे. लग्नाची दोन स्थळं तिने याच पायांसाठी लांबवली आणि मग ती आपोआप लांब गेली. ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून काय करायचं होतं? घरात एक कट्टर माणूस असला की बाकीच्यांना आपोआप समजूतदार व्हावं लागतं.

दुसऱ्या निवडणुकीला भैयासाहेबांनी अर्जच मागे घेतला. हेही तिला गावाच्या अगोदर कळलं, कारण फ्लेक्स तिच्याकडेच आला. एका बाजूला भैयासाहेब, दुसऱ्या बाजूला चेअरमन, मध्ये दोघांचे मिळवलेले हात. ज्या चेअरमनला 'कट्टर विरोधक' म्हणून कार्यकर्त्यांनी घसा सुकेपर्यंत शिव्या दिल्या होत्या, त्याच्या नावामागे आता 'मार्गदर्शक' आलं होतं. बाळासो हसून म्हणाले, "आपल्याला काय गं, फ्लेक्स फ्लेक्सच." क्रांतीला मात्र आनंद झाला होता. तो आनंद आठवून आता तिची तिलाच कीव येत होती. तिला वाटलं, सुटला आपला बाप. ज्या गुलालासाठी चप्पल सोडली तो गुलालच आता येणार नाही. ती मिळेल त्या एसटीने घरी गेली, ओट्यावर बसलेल्या बापाला एका दमात सगळं सांगून टाकलं. हंबीररावांनी समोरच्या रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाले, "त्येनी माघार घेतली असंल. त्येंची काय अडचण असंल. म्या घेतलीया का माघार?" आणि उठून अनवाणीच म्हशीला वैरण टाकायला गेले. त्या दिवशी तिला पहिल्यांदा वाटलं की हे भैयासाहेबांसाठी नाहीच. भैयासाहेब उद्या मेले तरी हा माणूस असाच चालत राहणार. कुणावर तरी सगळं जीवन टाकून मोकळं होण्यात त्याला जे काही मिळत होतं, ते आम्ही तिघांनी मिळून त्याला कधी दिलं नाही. की दिलं, आणि त्याने घेतलं नाही?

चप्पल घालण्याचं मग तिनेच जमवून आणलं. भैयासाहेबांना माघारीच्या बदल्यात कुठल्याशा महामंडळाचं पद मिळालं होतं, दारात सरकारी गाडी आली होती. तिने धनाजीच्या मागे लागून लागून सांगितलं, त्यांनी एवढंच म्हणावं, हंबीरराव, हाच आपला गुलाल. आपल्या हाताने पायात चप्पल घालावी. ते घालतील, त्यांच्या हातून घालतील. धनाजीला कल्पना आवडली, कारण कार्यक्रमाला काहीतरी हवंच होतं. मलकापुरात स्टेज घातलं, ढोल लावले. चप्पल धनाजीनेच आणली. जाड, कडक, करकर वाजणारी कापशी कोल्हापुरी, लाल गोंडेवाली. पायाचं माप कुणी विचारलं नाही, आणि तिलाही सांगायचं सुचलं नाही. नवी कोल्हापुरी पायात घालायच्या अगोदर तेल पाजून आठवडाभर मऊ करतात, हे तिथे जमलेल्या शेकडो माणसांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तिलाही होतं. पण भैयासाहेब खाली बसले, हंबीररावांनी डोळे मिटले, लोकांनी शिट्ट्या वाजवल्या, आणि ती टाळ्या वाजवत रडत होती. झालं, झालं एकदाचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पिशवीत तिने डॉक्टरने सांगितलेली मऊ चप्पल आणली होती. स्टेजवरून उतरल्यावर ती पुढे केली तर बाप म्हणाला, "येडी का काय? भैयासाहेबांनी हातानं घातलीया. ती काढून ही घालू?" मिरवणूक पार हायवेपर्यंत गेली. हंबीरराव सगळ्यांच्या पुढे, ताठ, करकर वाजवत. त्यानंतर ते चप्पल काढेचनात. रानात तीच, कराडला तीच, आजूबाजूच्या गावांत दाखवायला तीच. अंगठ्याच्या मुळाशी पट्टा चावत होता आणि त्यांना कळत नव्हतं. एक दिवस आईला फरशीवर रक्ताचा ठसा दिसला. तिने विचारलं तेव्हा म्हणाले, "नवी हाय, चावणारच. हुईल सवय." हळद भरली, वरून मोजा घातला, मोज्यावरून चप्पल. त्या रविवारी क्रांती गेली नव्हती. तिला वाटलं होतं, आता काय बघायचं, आता पायात चप्पल आहे.

दुकानातला फोन वाजला आणि बाळासोंच्या हातात जायच्या आत तिने तो उचलला. धनाजीच होता. फ्लेक्सचं बोलायला लागला तसं ती म्हणाली, "धनाजीराव, मी क्रांती बोलतेय. हंबीररावांची मुलगी. फोन ठेवू नका." मग तो म्हणाला, "आवं ताई, तुमी व्हय. कसं हाय सुभेदारांचं?" तिने सांगितलं. पाय आज काढला नाही तर माणूस जाईल, आणि ते भैयासाहेबांच्या शब्दासाठी अडून बसलेत. यायला नको, नुसतं फोनवर म्हणू देत, हंबीरराव, सही करा. दोन शब्द. धनाजी वाईट माणूस नव्हता, त्याच्या आवाजात खरोखर कळवळा आला. "ताई, आज लय गडबड हाय ओ. उद्याचा वाढदिवस, सगळं आंगावर हाय. पन थांबा, गाडीतच हायती. मी व्हिडिओ घेऊन पाठवतो. सुभेदारांस्नी दाखवा, बगा कसं ताजंतवानं हुत्यात." तिने त्याला पुन्हा एकदा सांगितलं की काय म्हणायचं ते नीट सांगा, पाय काढायचा आहे. तो म्हणाला, "सांगतो की." थोड्या वेळाने तिच्या मोबाईलवर व्हिडिओ आला. ती जिन्यात जाऊन उभी राहिली. भैयासाहेब गाडीच्या मागच्या सीटवर, खिडकीतून पळणारा ऊस, कपाळावर ताजा टिळा. हसत होते. हात हलवून म्हणाले, "हंबीरराव! काय ऐकतोय मी? वाघ असा झोपतो का? तुम्ही माझे कट्टर आहात, कट्टर! डॉक्टर काय म्हणतील ते म्हणू देत, पायाला हात लावू देऊ नका. मी पुण्यातल्या मोठ्या डॉक्टरांशी बोलतो, या आठवड्यात वेळ काढून मी स्वतः येतो. तोवर दम धरायचा. पुढच्या मिरवणुकीत आपल्याला नाचायचंय!" मग गाडीतलं कुणीतरी हसलं आणि व्हिडिओ संपला.

तिने तो परत एकदा बघितला. तिला वाटलं होतं राग येईल, पण राग आला नाही. त्या माणसाच्या चेहऱ्यावर खोटं काही नव्हतं, हेच वाईट होतं. त्याला खरंच वाटत होतं की तो हिंमत देतोय. धनाजीने सांगितलं असेल, नसेल, त्याने अर्धं ऐकलं असेल. हा व्हिडिओ बापाला दाखवला तर बाप हसेल, ताठ होईल, वॉर्डातल्या प्रत्येकाला दाखवील आणि आठवडाभर दम धरायला निघेल. परवा तो नसेल. सरळ हिशेब होता. आणि दाखवला नाही, भैयासाहेबांना जमलं नाही म्हणून सांगितलं, तरी तो वाटच बघणार. वाट बघण्यात तर त्याचा हात कुणी धरला नसता. जिन्याची भिंत पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल झाली होती. तिने व्हिडिओ पुसून टाकला. तो पुसला गेल्यावरही बोट काही वेळ काचेवर तसंच टेकून राहिलं. आत येऊन ती परत खुर्चीवर बसली, फ्लेक्स पुरा केला. सगळे फोटो कमरेच्या वर कापायचे असतात, ती दुकानाची पद्धत, पण या एका फोटोत पाय ठेवावेच लागले. बाळासो तिच्या मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी पडदा बघितला, तिच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या लक्षात आलं असावं. "हे तुझं वडील न्हवं का गं?" ते म्हणाले. "आन् मघाशी फोनवर म्हणत हुतीस, दवाखान्यात बी हेच?" ती हो म्हणाली. "मग तू हितं काय करतीयास? जा. ऊठ. छपाईचं मी बघतो." ती उठताना त्यांनी मुंडी खाली घातली होती.

मिरजेच्या रस्त्याला, माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या रिक्षात ती दाटीने बसली. प्रत्येक चौकात कुणाचा ना कुणाचा फ्लेक्स होता, आणि त्यातले कितीतरी तिने केलेले. विश्रामबाग मागे पडलं तसं तिने मनात शब्द जुळवायला सुरुवात केली. भैयासाहेब काय म्हणतील? हे तिला जड नव्हतं. कितीतरी वर्षं त्यांच्या वाढदिवसाच्या, शोकाच्या, अभिनंदनाच्या ओळी तीच लिहीत आली होती. 'आपला माणूस, हक्काचा माणूस' हे तिचं. 'तुमची साथ हीच माझी ताकद' हेही तिचं. भैयासाहेब सभांमधून तिच्या फ्लेक्सवरच्या ओळी बोलायचे आणि बाप घरी येऊन सांगायचा, काय बोलले आज भैयासाहेब, काळजाला हात घातला. तेव्हा तिने कधी म्हटलं नाही की तात्या, त्या मी लिहिल्यात. आता तिला असं वाटलं की आपण इतकी वर्षं त्याच्याशी अशाच बोलत आलो, कुणाच्या तरी तोंडाने. शेजारच्या बाईच्या मांडीवरच्या द्राक्षाच्या पेटीचा गोडसर वास येत होता.

वॉर्डाच्या दारातच औषधाच्या वासातून तो दुसरा वास आला, पायाचा. हंबीररावांचा चेहरा सकाळपेक्षा लाल होता, ताप चढला होता, पण केस विंचरलेले होते. आईला सांगून विंचरून घेतले होते. भैयासाहेब आले तर. खाटेखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत ती चप्पल होती. ती घरी ठेवून यायला त्यांनी नकार दिला होता. "आलं का?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात एखाद्या लहान पोराच्या आवाजात असते तेवढी आशा होती, आणि तिला ते सहन झालं नाही. ती खाटेवर टेकली. बापाचा हात हातात घेतला, तो गरम होता. आणि म्हणाली, "तात्या, भैयासाहेबांशी बोलले मी. फोनवर. त्येस्नी आज यायला जमंना."

"व्हय, उद्या वाढदिवस न्हवं का. मला ठावं हाय. काय म्हणालं?"

"म्हणाले, हंबीररावांना सांगा..." तिचा आवाज आपोआप जरा जाड झाला, सभेतल्या आवाजासारखा. "सांगा, तुमी माझे कट्टर. माझा शब्द तुमी कधी मोडला न्हाई. आज माझा एवढाच शब्द ऐका. डॉक्टर सांगतात तिथं सही करा. एक पाय गेला म्हणून माझा माणूस कमी होत न्हाई. मला पाय नको, मला हंबीरराव पायजेत."

हंबीररावांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मिशीवरून खाली गेलं. त्यांनी ते पुसलं नाही. "असं म्हणालं?" ते म्हणाले. "मला हंबीरराव पायजेत, असं?"

"व्हय."

"परत सांग."

तिने परत सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. प्रत्येक वेळी बापाच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत गेलं आणि तिच्या आत काहीतरी विझत गेलं. ते शब्द तिचे होते, अक्षर न् अक्षर तिचं होतं. मला हंबीरराव पायजेत हे ती दर रविवारी गरम पाण्याचं घमेलं घेऊन, गुडघ्यावर बसून सांगत आली होती, आणि त्यांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नव्हती. आता ते हळूहळू उठून बसले, आईला म्हणाले, "राहीबाई, मला जरा सरळ कर," आणि नर्सला हाक मारली. अंगात ताप होता तरी त्यांनी सुभेदाराची पूर्ण सही केली, लफ्फेदार. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला मोठ्याने सांगितलं, "सायबांचा फोन आलता. बोलले, हंबीरराव पायजेत." मग क्रांतीकडे वळून, तापात लाल झालेल्या डोळ्यांनी हसत म्हणाले, "तुमी कुणी कितीबी सांगितलं असतं, म्या केली नसती सही."

"ठावं हाय, तात्या," ती म्हणाली.

वॉर्डबॉय हंबीररावांना ऑपरेशनला न्यायला आले तोवर दुपार कलली होती. बाहेर व्हरांड्यात राहीबाई भिंतीला टेकून उभी होती. ती हळूच म्हणाली, "भैयासाहेब असं बोलंल असं वाटलं नव्हतं गं." क्रांतीने फरशीकडे नजर वळवली. राहीबाईने तिच्याकडे बराच वेळ बघितलं, मग तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. एवढ्यात स्ट्रेचर दाराशी आलं आणि हंबीररावांनी हात उचलून ते थांबवलं. क्रांतीला खुणेने जवळ बोलावलं. ती वाकली. त्यांच्या तोंडाला तापाचा, औषधाचा वास येत होता, आणि ते कुणी ऐकू नये अशा बेताने बोलत होते.

"पोरी, एक ध्यानात ठेव. ती चप्पल चावली म्हणून हे झालं, हे भैयासाहेबांच्या कानावर घालू नगंस. मनाला लावून घेतील ती."

"न्हाई सांगत," ती म्हणाली.

"आन् डावी नीट ठेव. तेल लाव तिला."

मग स्ट्रेचर ढकलणाऱ्यांनी स्ट्रेचर ढकललं, आणि ती खाटेखालची पिशवी काढायला आत गेली.